फुसका बार परवडत नाही: स्वसंरक्षणासाठी .२२ च्या गोळ्या, आठ महिन्यांनंतर

मनगटाचं दुखणं जडलं आणि नऊ एमएमचं पिस्तूल झेपेनासं झालं. तिसऱ्या-चौथ्या गोळीलाच कळ निघायची आणि नेम कुठच्या कुठे जायचा. म्हणून ‘.२२ लाँग रायफल’ नावाचं बारीक काडतूस झाडणाऱ्या छोट्या पिस्तुलाकडे वळले. ‘वाघ मारायला गलोल घेतलीस’ असं ऐकवणारे भेटलेच. त्यांचं अगदीच चूक नाही. पण नऊ एमएमच्या दहातल्या चार गोळ्या मी कागदाबाहेर घालवत होते, त्याचं काय?

खरी अडचण ताकदीपेक्षा पेटण्याची आहे, हे मला वापरल्यावर कळलं. नऊ एमएमसारख्या सेंटरफायर काडतुसाच्या बुडाशी मधोमध प्रायमरची, म्हणजे ठोक्याने पेटणारी, वेगळी टोपी असते. .२२ हे रिमफायर, म्हणजे कडेवर ठोका घेणारं; त्याला ती नाहीच. पेट घेणारं मिश्रण ओलं असताना पुंगळीत घालून ती गरगर फिरवतात, म्हणजे ते कडेच्या पोकळ घडीत पसरतं. फायरिंग पिन ती कड चेचते आणि बार उडतो. मिश्रण सगळीकडे सारखं पसरलेलं नसेल आणि पिन नेमकी रिकाम्या जागी आपटली, तर नुसतंच ‘टक’.

पहिल्या महिन्यात मोठ्या डब्यातल्या स्वस्त गोळ्या वापरल्या. पाचशेत अकरा वेळा टक. त्यातल्या बहुतेक अर्धा फेरा फिरवून परत घातल्यावर उडाल्या, म्हणजे पिन ठीक होती, दोष कडेत होता. (टक झालं की लगेच चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, बार कधीकधी उशिरा उडतो.) सरावात हे चालून जातं. दार फोडून कोणी आत आलेला असताना गोळी फिरवून बघायची सवड कोण देणार?

मग सीसीआय कंपनीच्या मिनी-मॅग गोळ्यांवर आले. वजन ४० ग्रेन (गोळ्यांच्या वजनाचं एकक), तांब्याचा मुलामा, गोल नाक. चारशे झाडल्या, अजून टक ऐकलेलं नाही. उद्या ऐकू येणारच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाच्या, गोळ्यांनी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागेच जाईना, तो नाद दोन मॅगझीनमध्ये सोडला.

हॉलो पॉइंटला, म्हणजे लागल्यावर उमलून रुंद होणाऱ्या पोकळ नाकाच्या गोळीला, मीही भुलले होते. डब्यावरचा वेग बहुतेकदा रायफलच्या लांब नळीतला असतो. मिनी-मॅगचा सेकंदाला १२३५ फूट हा आकडाही तसाच. माझी नळी तीन इंचांचीही नाही, तिथे वेग बराच घटतो. मग पोकळ नाकाची गोळी एकतर उमलतच नाही, किंवा उमलते आणि उथळच थांबते. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयने चाचणीच्या जिलेटिनमध्ये (शरीराच्या मांसाऐवजी वापरतात तो ठोकळा) किमान १२ इंच शिरकावाचा निकष धरला. .२२ ला तिथवर पोहोचायचं तर उमलण्याचा हट्ट सोडलेला बरा.

फेडरल कंपनीची ‘पंच’ नावाची गोळी २०२१ मध्ये याच विचाराने आली. निकेलचा मुलामा, चपटं नाक, वजन २९ ग्रेन, आखणी आखूड नळीसाठी. २९ ऐकून मी नाक मुरडलं होतं. दोनशे झाडल्यावर आता पिस्तुलात तीच असते आणि सरावाला मिनी-मॅग. माझ्या पिस्तुलाला मानवली म्हणून तुमच्याला मानवेलच असं नाही. .२२ ची पिस्तुलं याबाबतीत फार लहरी.

गोळ्या भरतानाही लक्ष लागतं. वरच्या गोळीची कड खालचीच्या मागे अडकली की ती पुढे सरकत नाही, म्हणून प्रत्येक कड खालचीच्या पुढे बसवायची. शिवाय .२२ च्या काडतुसातली पुढची गोळी पुंगळीएवढ्याच जाडीची, तिची फक्त बारीक टाच आत बसते. तेच काडतूस वारंवार चेंबरमध्ये घालून काढलं की ती ढिली पडते. अशी दोन-तीनदा आत-बाहेर झालेली काडतुसं मी सरावाच्या डब्यात टाकते. आणि .२२ लहान म्हणून कानाला काही न लावता झाडू नका. आवाज लहान नाही.

रिव्हॉल्वर घ्यायला हवं होतं का? टक झालं की चाप पुन्हा ओढायचा, पुढची गोळी समोर येते. मैत्रिणीचं हातात घेऊन पाहिलं. कड चेचायला ठोका जोरात लागतो, म्हणून चापही जड. माझ्या बोटाला तो सलग सहा वेळा ओढवेना.

नव्या लॉटच्या शंभर गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय मी त्यावर विसंबत नाही. मागच्या आठवड्यात पंचचा नवा लॉट आलाय. पन्नास झाल्या, उरलेल्या पन्नास रविवारी. तोवर पिस्तुलात जुन्याच.