घरोघरीची आरोग्य तपासणी: ताप सापडतो, संपलेली गोळी नजरेतून सुटते

पाचपैकी तीन गुण. कोरोनाचे संशयित रुग्ण हुडकायला ही घरोघरीची तपासणी चांगली, पण वस्तीला दवाखान्याकडून नेमकं काय हवंय ते कळायला अपुरी.

कोरोनाकाळात, 15 सप्टेंबर 2020 ला महाराष्ट्रात सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेचीच आखणी घ्या. एक आरोग्य कर्मचारी, दोन स्वयंसेवक, दिवसाला 50 घरं. ताप 100.4 फॅरेनहाइटच्या वर किंवा ऑक्सिजन 95 टक्क्यांच्या खाली दिसला की फिव्हर क्लिनिकला, म्हणजे तापाच्या दवाखान्यात, रवानगी. आता हिशेब करा. सहा तासांत 50 घरं म्हणजे घरामागे सात मिनिटं, जिने चढणं त्यातच आलं. चौघांच्या घरात नुसत्या ऑक्सिमीटरला चार मिनिटं जातात, कारण आकडा स्थिरावायला मिनिटभर थांबावं लागतं. बोट गार असेल, नखाला पॉलिश असेल तर आकडा फसवतो. थर्मल गनचं वेगळंच. नागपुरात ऑक्टोबरच्या उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलंच असतं. पंधरा मिनिटं सावलीत बसवा, मग मोजा.

उरलेल्या तीन मिनिटांत विचारायचे, "बीपी, शुगर आहे का?" उत्तर यायचं, "हाव ना ताई, गोळ्या चालू आहेत." रकान्यात टिक. खरी गरज पुढच्या प्रश्नात असते: पाकीट दाखवा, किती दिवसांच्या उरल्या? लॉकडाऊनमध्ये रोजी बुडालेला माणूस गोळी बंद करत नाही, अर्धी करून खातो. पाकीट पाहिल्याशिवाय हे कळायचं नाही.

आणखी तीन रकाने हवेत. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, कारण हा विदर्भाचा घरचा आजार. त्यावरची फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया ही औषधं कोणाला मिळत नाहीत ते लिहा. दोन आठवड्यांवरचा खोकला: कोरोनाची चाचणी निगेटिव्ह आली तरी क्षयरोगासाठी थुंकी तपासायला पाठवा. 2020 मध्ये देशभरात क्षयरोगाच्या नोंदी जवळपास चतुर्थांशाने घटल्या. रुग्ण घटले नव्हते, तपासणी घटली होती. तिसरा, गरोदर बाई आणि चुकलेली लस.

वेळेचं गणित तर सरळ चुकतं. सकाळी अकराला कळमन्याच्या बाजारात हमाली करणारा घरी कुठून सापडणार? कुलूपबंद घरं वेगळ्या यादीत घ्या, रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर पुन्हा जा. नाहीतर पाहणीत म्हातारे आणि पोरंच येतात.

कागद पुढे कुठे जातो, त्यावर आम्ही एक गुण कापला. महापालिकेच्या झोन कार्यालयाला आकडा पाठवून भागत नाही. नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाट्याला साधारण 50 हजार लोकसंख्या असते. त्यांच्या औषध भांडारातल्या माणसाला गल्लीवार यादी हवी: अमक्या गल्लीत बीपीचे इतके, त्यातले आठवड्यात गोळी संपणारे इतके. मग आशाताईच्या पिशवीतून महिन्याचं औषध दारात जातं, आणि ज्याला धोका जास्त त्याला दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.