अकरा वर्षांच्या रेसरला बूट: मऊ की कडक?

स्की कुठल्या, यावर आमच्याकडचे पालक तासभर बोलू शकतात. माझ्या मते यू-१२ला, म्हणजे बारा वर्षांखालच्या गटाला, एक जोडी पुरते आणि हंगामाआधीच्या स्की स्वॅपमध्ये (वापरलेल्या सामानाच्या बाजारात) जुनी, बरी मिळून जाते. खरा पेच बुटांचा.

डेन्व्हरच्या दुकानांत तुमच्यापुढे दोन डबे येतील. एक ज्युनियर रेस बूट, फ्लेक्स (बुटाच्या कडकपणाचा आकडा) ६०-७०च्या आसपास. दुसरा मोठ्यांच्या साच्यातला, अरुंद, ९०चा. लेकीने यंदा दोन्ही घातले: जानेवारीपर्यंत कडक, नंतर मऊ.

कडक बुटाचं म्हणणं खोटं नाही. टाच जागची हलत नाही, आणि टणक बर्फावर जायंट स्लॅलम शर्यतीत खांबांच्या गेटमधून वळताना नडगी जरा रेटली की स्की लगेच ऐकते. पण तेवढं रेटायला अंगात वजन हवं. आमची ३४ किलोंची. घोटा वाकेचना, म्हणून ती मागे बसायची, आणि मागे बसलं की वळणाची सुरुवातच हुकते. कोच खालून ‘पुढे, पुढे’ ओरडायचे. पुढे भिंत होती हो!

तरी हे मी चालवून घेतलं असतं. मला नडलं ते पार्किंग. आय-७० महामार्गावरच्या गाड्यांच्या रांगेतून सुटून लव्हलँडच्या स्की-डोंगरावर पोचायचं, १०,८०० फुटांवर, पारा उणे १५. प्लास्टिकचा दगड झालेला. मी बर्फात गुडघे टेकून दोन्ही हातांनी शेल, म्हणजे बुटाचं बाहेरचं कवच, फाकवतोय, ती माझे केस धरून पाय खुपसतेय आणि रडतेय. दुपारी काढताना पुन्हा तोच तमाशा. बूट गरम ठेवणारी बॅग आणली, तर गाडीचा फ्यूज गेला.

मऊ बूट ती मागच्या सीटवर बसून स्वतः चढवते. जोरात जाताना तो किंचित डळमळतो, हे कबूल. पण आता ती पुढे झुकते.

आकड्यावर मात्र फार विसंबू नका. एका कंपनीचा ७० दुसऱ्या कंपनीचा ६० निघतो. दुकानात घालून घोटा वाकवून बघा, आणि डोंगरावर तोच बूट आणखी कडक होणार हे धरून चाला. युनिफॉर्मसारखा ‘वाढत्या अंगाचा’ घ्यायचा मोह मलाही झाला होता. लायनर (आतला मऊ बूट) काढून, शेलमध्ये पाय घालून, बोटं पुढे टेकवून, टाचेमागे एक बोट जाईल एवढीच जागा ठेवा. २२ आणि २२.५चा शेल बहुतेक एकच असतो, तेव्हा अर्ध्या नंबरासाठी दुकानं पालथी घालू नका.

तुमचं मूल अंगाने भरलेलं असेल, यू-१४च्या उंबरठ्यावर असेल, तर कदाचित तुमचं गणित वेगळं निघेल. तसं असेल तर आमची ९०ची जोडी विकायची आहे. नंबर २२, अर्धाच हंगाम वापरलेली, बकलं शाबूत. घालून द्यायला माणूस मात्र तुमचा.