थर्स्टनचा काठ की मॉर्गन–शालेनचा?

दोन भोकांच्या बंद पृष्ठभागावरच्या हायपरबोलिक (सगळीकडे सारख्याच ऋण वक्रतेच्या) रचनांचा टाइखम्युलर अवकाश, ज्याचा प्रत्येक बिंदू म्हणजे अशी एक रचना, 6 मितींचा, पण उघडा, म्हणजे बिनकाठाचा. त्याला काठ लावायचा कसा?

गणितज्ञ थर्स्टननं पृष्ठभागावरच्या बंद वक्रांच्या लांब्यांची फक्त गुणोत्तरं पाहिली. काठ मिळाला 5 मितींचं गोलपृष्ठ. चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं, शिवाय काठासकट अवकाश बंद गोळ्यासारखा होतो, म्हणून ब्राउवरच्या स्थिरबिंदू प्रमेयामुळे (अशा गोळ्याच्या स्वतःवरच्या सलग रूपांतरणात एक तरी बिंदू जागचा हलत नाही) पृष्ठभागाच्या रूपांतरणांचं वर्गीकरणही हाती येतं.

मॉर्गन आणि शालेन यांचा 1984 चा रस्ता बीजगणिताचा. रचना प्रत्येक बंद वक्राला एक 2×2 मॅट्रिक्स देते; त्याच्या ट्रेसचे (कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेचे) लॉगरिदम घेऊन अनंताकडे जायचं; तिथे बेरजेच्या जागी कमाल उरते, गुणाकाराच्या जागी बेरीज. ही ट्रॉपिकल भूमितीच, फक्त नाव नंतर रूढ झालं! वक्राची लांबी मोठी झाली की ट्रेसचा लॉगरिदम जवळपास तिच्या निम्मा, त्यामुळे इथे दोन्ही काठ एकच निघतात. त्रिमितीय हायपरबोलिक रचनांकडे वळायचं असेल, तर मात्र मी मॉर्गन–शालेनचाच घेईन.