पुठ्ठ्याची प्रतिकृती की जिओजेब्रा?

बीड-लातूरकडे बी.एड.ला भूमिती शिकवताना हा पेच हमखास पडतो: छात्राध्यापकांकडून घनाकृती पुठ्ठ्याच्या करून घ्याव्यात की जिओजेब्रा या भूमितीच्या ॲपमध्ये दाखवाव्यात?

घनफळासाठी पुठ्ठाच. 10 सेमी त्रिज्येची, 216 अंशांची वर्तुळपाकळी गुंडाळली की तळाची त्रिज्या 6 आणि उंची 8 सेमीचा शंकू होतो. त्याच मापाच्या वृत्तचितीला 37.7 बाय 8 सेमीची पट्टी लागते, जोडाला 1 सेमी जास्त. शंकूने तीनदा ज्वारी ओतली की वृत्तचिती काठोकाठ भरते. भरली नाही तर आधी शंकूचा जोड बघा. चिकटवायची 1 सेमीची कड पाकळीबाहेर न ठेवता पाकळीतच दाबली असेल, तर परीघ घटून घनफळ सुमारे 4 टक्के कमी पडतं. ही चूक छात्राध्यापकाच्या हातून एकदा झालेलीच बरी. पुढे मुलांची चूक त्याला लगेच दिसते.

घनाकृती कापल्यावर दिसणारे छेद मात्र पुठ्ठ्यात दिसत नाहीत. घनाच्या आरपार समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना न लागणाऱ्या सहा कडांच्या मध्यबिंदूंतून प्रतल नेलं की नियमित षट्कोन मिळतो. जिओजेब्रात तो बोटाने फिरवून पाहता येतो. प्रतलीय रचनांतही त्याचीच सरशी: त्रिकोणाचं परिकेंद्र, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र, अंदाजाने टेकवलं, तर शिरोबिंदू ओढताच वर्तुळ बाकीचे बिंदू सोडतं, लंबदुभाजकांच्या छेदातून काढलं तर टिकतं.

खर्चाचं म्हणाल, तर ॲप मोफत आहे आणि एकदा उतरवलं की नेटशिवाय चालतं. पुठ्ठा पावसाळ्यात सादळतो.

सराव पाठ खेड्यातल्या शाळेत, विजेचा भरवसा नाही आणि घटक घनफळाचा, तर पुठ्ठा घ्या. रचना, छेद किंवा प्रमेयाचा अंदाज बांधायचा असेल तर जिओजेब्रा.