समुद्रात पोहताना कमरेला बांधायचा फ्लोट: काही महिन्यांच्या वापरानंतर

समुद्रात पोहताना नारिंगी फ्लोट, म्हणजे पट्ट्याने मागे तरंगत येणारी हवा भरलेली पिशवी, कमरेला बांधायला लागून आता बरेच महिने झाले. घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'जरूर घ्या' असंच आहे. फक्त त्याला लाइफ जॅकेट समजू नका. दमल्यावर छातीशी धरून श्वास सावरता येतो, पण शुद्ध हरपली तर तोंड पाण्याबाहेर ठेवणं त्याला जमत नाही. त्याचं खरं काम तुम्हाला दिसतं ठेवण्याचं. लाटांत पोहणाऱ्याचं डोकं बोटीवरून नजरेत भरत नाही, हा रंग भरतो.

पोहताना तो मुळीच ओढल्यासारखा वाटत नाही. मात्र पट्ट्याची लांबी नीट जुळवा. आखूड झाला तर हात फ्लोटवर आपटतो, लांब झाला तर पायात येतो.

मला त्याचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो वारा ओळखण्यात. किनाऱ्यापासून आत जाताना फ्लोट मागे राहायचं सोडून खांद्याशी किंवा पुढे येऊ लागला, की समजायचं वारा पाठीवर आहे, म्हणजे परतताना तो तोंडावर येणार. मी तिथूनच वळते. पहाटे हे जास्त जपावं लागतं. मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो, त्यामुळे काठाजवळचं पाणी सपाट दिसतं आणि आत जायचा मोह होतो. जरा पुढे गेलं की तोच वारा बाहेर ढकलतो.

फ्लोट आला म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक सुटत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून कालची वेळ आज चालत नाही, ती पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. पाणी चढतं-उतरतं तेही एका वेगाने नाही. सहा तासांतला जवळपास अर्धा बदल मधल्या दोन तासांत होतो, आणि खाडीच्या तोंडाशी तेव्हा ओढ जबरदस्त असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर मी त्या दोन तासांत पाण्यात उतरतच नाही. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ती, मला सर्वांत निवांत वाटते.

किनाऱ्यावरून आत खेचणारा प्रवाह लागला तर फ्लोट धरून तरंगायचं, हात वर करायचा आणि जमलं तर काठाला समांतर सरकायचं. प्रवाहाच्या विरुद्ध पोहून ताकद घालवू नये. फ्लोट हाताशी असल्यामुळे घाबरगुंडी कमी होते, हे मी मनापासून सांगते.

माझ्या फ्लोटमध्ये फोन ठेवायला कप्पा आहे. पहिल्यांदा आत कोरडा टिश्यू ठेवून तो बादलीत दाबून धरला. तोंड तीन वेळा घट्ट गुंडाळलं तेव्हा टिश्यू कोरडा निघाला, दोनच वेळा गुंडाळलं तेव्हा कडा ओलसर झाली. फोन मी तरीही वेगळ्या जलरोधक पिशवीत घालूनच ठेवते.

पॅडलबोर्डवर (उभं राहून वल्हवायच्या फळीवर) मात्र मी फ्लोटच्या भरवशावर जात नाही. तिथे लाइफ जॅकेट आणि बोर्डला बांधणारी लीश हवीच. पडल्यावर वारा रिकामा बोर्ड इतक्या लवकर पळवतो, की पोहून गाठणं अवघड.

तक्रार एकच, बकलची. मिठाने ते घट्ट बसू लागलंय, गोड्या पाण्याने धुऊनही. हवेची झडप अजून ठणठणीत आहे. रंग थोडा उतरलाय. उन्हात ठेवताना थोडी हवा काढून ठेवा, तापल्यावर शिवण ताणली जाते. पट्टा आणि बकल सुटं मिळतं का, हे घेण्याआधीच विचारून घ्या.