मार्चमधलं ताडोबा: वाघ नाही दिसला तरी पैसे वसूल

ताडोबाचे रिव्ह्यू वाचले की सगळीकडे एकच रडगाणं, वाघ दिसला तर पाच स्टार आणि नाही दिसला तर एक, जसं काही वनखात्याने वाघ खुंट्याला बांधूनच ठेवायला पाहिजे. म्हणून हा रिव्ह्यू फक्त झाडांचा.

आम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो, मोहर्ली गेट, सकाळची सफारी. पानगळ भरात होती. सागाचं मोठं पान वाळून खाली पडलेलं असतं, त्यावरून साधं चितळ चाललं तरी पापड मोडल्यासारखा आवाज येतो आणि अख्खी जिप्सी माना वळवते. पाणी कमी पडायला लागलं की पानांतून उडून जाणारी ओल वाचवायला ही झाडं पानंच टाकून देतात, त्यामुळे ऑक्टोबरात जिथे रस्त्याच्या कडेचंही धड दिसत नाही तिथे आता आरपार दिसतं. मोरघारीचं काटक्यांचं घरटं आम्हाला असंच दिसलं, पानं असती तर कप्पाळ दिसलं असतं!

पण माझं मन अडकलं ते कडईवर. गाइड लोक हिला भुताचं झाड म्हणतात, इंग्रजीतही घोस्ट ट्रीच. अंगावर एक पान नाही, खोड पांढरंफटक, कागदासारखी साल सुटत असते आणि ऊन पडलं की आतली गुलाबी-हिरवट झाक दिसते. फांद्यांच्या टोकाला लालसर लवदार फळं, ती लव अंगाला लागली की भयानक खाजते म्हणे. आमच्या गाइडताई तिथल्याच गावच्या, वाघाच्या मागे धावण्याऐवजी त्यांनी गाडी थांबवून हे सगळं दाखवलं आणि वर म्हणाल्या, "वाघ तं मे मंधी बी दिसते भाऊ, हे झाड असं नाही दिसत." त्यांच्यासाठी खास एक स्टार जास्त.

आणि हे सगळं फार थोडे दिवस टिकतं हं. पळस तेव्हाच उतरणीला लागला होता, निम्मी फुलं खाली. कुसुमाला लालबुंद कोवळी पालवी फुटलेली, मोहाची फुलं नुकतीच गळायला लागली होती, एप्रिल सरेपर्यंत मोह तांबूस पानांनी भरून जातो. पाऊस यायला अवकाश असतो, भर उन्हात ही पालवी कुठून येते कोण जाणे.

तक्रार एकच आणि ती आमच्या रिसॉर्टची, नाव लिहीत नाही. अंगणातल्या निष्पर्ण पळसाला यांनी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एलईडीच्या माळा गुंडाळलेल्या, रात्री निळ्या-हिरव्या लुकलुकतात. मॅनेजरला विचारलं तर म्हणे "सर, झाड ओकंबोकं दिसत होतं." काय बोलणार. जेवण बरं, वांग्याची भाजी झणझणीत.

जाणाऱ्यांसाठी: कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो, मोबाईल आत नेऊ देत नाहीत म्हणून साधा कॅमेरा आणि दुर्बीण न्या, सकाळी उघड्या जिप्सीत चांगलंच गार लागतं तेव्हा जॅकेट हवंच. बुकिंग ऑनलाइन, शनिवार-रविवार लवकर भरतात. जिप्सीत सहाजण बसतात, जमलं तर सगळी आपलीच माणसं घ्या, नाहीतर झाडासाठी गाडी थांबवली की मागच्या सीटवरून "चला ना पुढे" सुरू होतं.