गर्डल बग की पॅट्स रबर लेग्ज?

अमेरिकेत मोंटानातल्या मॅडिसन नदीवर ट्राउट मासे धरणाऱ्यांच्या डबीत या दोन्ही कृत्रिम माश्या, म्हणजे गळावर बांधलेली किड्यासारखी आमिषं, हमखास निघतात. दोन्ही नक्कल करतात ती सॅमनफ्लायच्या पिल्लाची. हा किडा दगडांखाली तीन-चार वर्षं काढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सरपटत काठावर येतो.

गर्डल बग जुनी: काळं शेनील (मऊ, केसाळ दोरा), पांढरे गोल रबरी पाय. सुरुवातीला हे रबर खरोखरच बायकांच्या गर्डलमधून (कंबर आवळणाऱ्या लवचिक अंतर्वस्त्रातून) काढलेलं असे! मऊ असल्यामुळे संथ डोहातही ते वळवळतं, आणि तिथे माझी पसंती तिलाच. पण डबी उन्हात गाडीत राहिली की पाय चिकटतात, नाहीतर तडकतात.

पॅट्समध्ये शेनील दुरंगी, बहुतेकदा कॉफी-काळं, आणि पाय स्पॅन्डेक्सचे. वळवळ थोडी कमी, टिकाऊपणा कितीतरी जास्त. खळाळत्या पाण्यात तो फरक माशाला कळत असेल असं मला वाटत नाही.

बांधणी जवळजवळ एकच. लांब दांडीचा ६ ते १० नंबरचा गळ, त्यावर शिशाच्या तारेचे वेढे (यलोस्टोन पार्कात शिसं चालत नाही, तिथे बिनशिशाची तार). खरी मेख पायांत आहे. पायाची पट्टी बांधायच्या धाग्यावर दुमडून बाजूला सरकवायची, दोन सैल वेढे द्यायचे, दोन्ही बाजू जुळल्या की मगच आवळायचं. पहिल्याच वेढ्याला जोर लावला तर पाय दांडीभोवती फिरतात. पाय आधी लांबच ठेवा. कात्री सगळ्यात शेवटी. शिकणाऱ्याने पॅट्सपासून सुरुवात करावी, दुरंगी शेनीलमध्ये वेडेवाकडे वेढे लपतात.